पोर्शन न वाढवता दारूबद्दल शिकवायचं कसं? नव्या प्राध्यापकांसाठी

“मॅडम, बिअर कुठे दारू असते?”

दुसऱ्या वर्षाच्या सांख्यिकीच्या तासाला मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. मी फळ्यावर तीन आकडे लिहिले: ६५०, ८ आणि ०.७८९. बाटलीतले मिलिलिटर, स्ट्राँग बिअरमधलं अल्कोहोलचं शेकडा प्रमाण आणि इथेनॉलची घनता. गुणाकार त्यालाच करायला लावला. उत्तर आलं ४१ ग्रॅम. मग व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा छोटा पेग. बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, त्या हिशेबाने १० ग्रॅम. म्हणजे बिअरची एक बाटली आणि चार छोटे पेग यांत अल्कोहोल सारखंच. वर्गात कोणी काही बोललं नाही. घंटा झाल्यावर मात्र दोघं-तिघं फळ्याचा फोटो काढून गेले.

त्याआधी कितीतरी वर्षं आमच्याकडे २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, पाहुणे यायचे, दीड तास बोलायचे, शपथ व्हायची, फोटो व्हायचे. मुलं मोबाइल बघत बसायची. त्या दहा मिनिटांच्या गणिताने जे झालं ते या भाषणांनी कधी झालं नव्हतं. मुलांना उपदेश नको असतो. पण उदाहरण सोडवायला दिलं तर ती सोडवतात, आणि आपण स्वतः काढलेलं उत्तर सहसा नाकारत नाहीत. अमेरिकेत या पद्धतीला ‘करिक्युलम इन्फ्युजन’ म्हणतात. तिथल्या जॉर्जटाउन विद्यापीठात २००५ पासून प्राध्यापक आपापल्या विषयात आरोग्याचे प्रश्न असेच गुंफत आले आहेत. आपल्याकडे त्यासाठी वेगळं नाव, वेगळा निधी किंवा वेगळा पेपर लागत नाही. काय लागतं ते पुढे लिहिते. नुकतेच रुजू झालेले, सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असलेले आणि समितीत नाव घातलं म्हणून हे काम अंगावर आलेले असे सगळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पहिली पायरी: उदाहरण बदला, धडा वाढवू नका

स्टाफरूममध्ये पहिली हरकत हमखास येते: “माझाच पोर्शन संपत नाही, त्यात हे कुठे घालू?” हरकत रास्त आहे. म्हणून काहीही वाढवायचं नाही. तुमच्या अभ्यासक्रमात आधीच असलेला एक घटक निवडा आणि त्यातलं उदाहरण तेवढं बदला. दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर उदाहरण चुकीचं निवडलंय असं समजा.

रसायनशास्त्रात रेडॉक्स अभिक्रिया असतातच. आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण इथेनॉलमुळे हिरवं होतं. १९५४ साली रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी बनवलेलं श्वासातली दारू ओळखणारं यंत्र याच रंगबदलावर चालायचं. परीक्षानळीत तो नारिंगी रंग काठाकडून हळूहळू हिरवा होताना मुलांना बघू द्या. मात्र हे क्रोमियम विषारी आहे. हातमोजे घाला, द्रावण मोजकंच घ्या आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. पुढचा प्रश्न अभिक्रियेच्या वेगाचा. शरीरातलं बहुतेक अल्कोहोल शून्य कोटीच्या वेगाने कमी होतं. ते कितीही असो, रक्तातलं प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर इतकंच उतरतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग बदलत नाही. हॉस्टेलवर पिढ्यान् पिढ्या चालत आलेले उतारे मुलं इथे स्वतः खोडून काढतात.

याच गणिताचा पुढचा भाग जपून करावा लागतो. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांचं सूत्र वापरून ६० किलो वजनाच्या मुलाने एक स्ट्राँग बिअर प्यायल्यावर काय होतं ते काढलं, तर रक्तातलं प्रमाण जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅमच्या आसपास येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. १०० वरून ३० वर यायला साडेचार तासांहून जास्त वेळ लागतो. आता एखादा मुलगा विचारणारच, “म्हणजे किती घेतली तर ३० च्या आत राहू?” हा प्रश्न सोडवू नका. सूत्र सरासरी माणसाचं आहे. वजन, जेवण, पिण्याचा वेग यांनी उत्तर पुष्कळ सरकतं, आणि ३० च्या आतही हाताचा वेग आणि नजर मंदावलेली असते. गणित ‘किती वेळ लागेल’ याचं द्या, ‘किती चालेल’ याचं कधीच देऊ नका. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच बाटलीने त्यांच्या रक्तातला आकडा जास्त चढतो. हेही सूत्रातूनच दाखवा, बोलण्यात ‘मुलींनी’ असं सुरू करू नका.

इंजिनिअरिंगमध्ये तर विषय शोधायलाच नको. अल्कोहोलची वाफ ओळखणारा एमक्यू-३ सेन्सर आणि आर्डुइनो हा छोटा सर्किट बोर्ड घेऊन ‘दारू प्यायली तर गाडी सुरू होणार नाही’ हा मिनी प्रोजेक्ट दरवर्षी कोणीतरी करतंच. एलईडी पेटला की सगळे खूश. तिथे थांबू देऊ नका. हा सेन्सर सॅनिटायझरच्या वाफेलाही उठतो, मग कॅलिब्रेशन कसं करणार? श्वासातल्या अल्कोहोलवरून रक्तातलं काढताना धरतात ते २१०० ला १ हे गुणोत्तर कुठून आलं? गाडी बंद पडल्यावर त्या मुलाने रात्री एक वाजता घरी जायचं कसं? हा शेवटचा प्रश्न अहवालात यायलाच हवा.

मराठीच्या प्राध्यापकांसमोर गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ तयारच आहे. पण ‘दारूचे दुष्परिणाम स्पष्ट करा’ हा प्रश्न आता विचारू नका. त्याचं उत्तर गाईडमध्ये छापलेलं असतं. त्याऐवजी विचारा: सुधाकराला थांबवता आलं असतं असा प्रसंग कोणता, आणि तिथे कोणी काय बोलायला हवं होतं? नाटकातलं आर्यमदिरामंडळ आणि हॉस्टेलवर ‘आज बसायचं का?’ म्हणत जमणारी मंडळी शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा. तळीराम त्यांना लगेच ओळखू येतो, कारण त्यांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच.

इतिहास आणि राज्यशास्त्राला तर कोठार भरलेलं आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लिहिलेलं पत्र. दारूबंदीसाठी प्रयत्न करा असं राज्याला सांगणारा संविधानाचा अनुच्छेद ४७. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि त्यावरचा १९५१ चा बलसारा खटला. गडचिरोलीत १९९३ पासून असलेली बंदी, चंद्रपुरात २०१५ ला आलेली आणि २०२१ ला उठवलेली बंदी. बाटली आडवी करण्यासाठी गावोगावी महिलांनी केलेलं मतदान. त्यांतलं एक गाव तुमच्या तालुक्यात असेल तर मुलांना तिथे पाठवा. नव्या शैक्षणिक धोरणातल्या कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्टमध्ये हे अगदी चपखल बसतं. कायदा शिकवताना वयाची मर्यादाही सांगून टाका. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१, कडक दारूला २५. म्हणजे पदवीच्या तीन वर्षांत जवळजवळ कोणालाच रमचा पेग कायद्याने घेता येत नाही. हे ऐकून वर्ग दरवर्षी चकित होतो.

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या मंडळींनी मद्य अजूनही जीएसटीबाहेर का आहे आणि उत्पादन शुल्क बुडालं तर राज्याचा अर्थसंकल्प कसा कोलमडेल यावर वाद लावावा. जनसंवादवाल्यांनी दारूच्या ब्रँडच्या नावाने येणाऱ्या सोड्याच्या आणि म्युझिक सीडीच्या जाहिराती आणाव्यात, म्हणजे नेमकं काय विकलं जातंय ते मुलंच सांगतील.

दुसरी पायरी: त्याला गुण द्या

ज्याला गुण नाहीत ते मुलं करत नाहीत. यात त्यांचा दोष नाही. अभ्यास मंडळाकडे प्रस्ताव पाठवून अभ्यासक्रम बदलण्याची वाट बघाल तर दोन बॅच हातातून जातील. अंतर्गत मूल्यमापन तुमच्या हातात आहे, तिथलीच एक असाइनमेंट याला द्या. अध्यापन नियोजनात सुरुवातीलाच तसं लिहून ठेवा, म्हणजे वर्षाच्या शेवटी आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) कागद दाखवताना धावपळ होत नाही.

गुण विषयाच्या कौशल्याला द्यायचे: सूत्र बरोबर लावलं का, पुरावा दिला का, मांडणी कशी आहे. ‘दारू वाईट आहे’ असं शेवटी लिहिलं म्हणून गुण वाढत नाहीत, हे पहिल्या दिवशी सांगा आणि तसंच वागा. बंदीच्या विरोधात चांगला युक्तिवाद करणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळाले की बाकीचेही खरं लिहायला लागतात.

तिसरी पायरी: ‘सगळेच घेतात’ हा समज मोजा

माझ्या मते अख्ख्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिल्या वर्षाचा मुलगा लातूर, परभणीहून येतो, कॉट बेसिसवर राहतो. पहिल्याच महिन्यात त्याच्या मनात पक्कं बसतं की इथे सगळेच घेतात, आपणच मागासलेले. त्याला दारूची ओढ नसते, एकटं पडण्याची भीती असते. १९८६ साली वेस्ली पर्किन्स आणि अॅलन बर्कोविट्झ यांनी अमेरिकेतल्या एका कॉलेजात हेच दाखवलं: विद्यार्थी आपल्या सोबत्यांना दारूबाबत जेवढे सैल समजतात, तेवढे ते नसतात. आपल्याकडचं चित्रही बघा. एम्सने केलेल्या आणि २०१९ ला प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयाच्या लोकांत पिणाऱ्यांचं प्रमाण १४.६ टक्के निघालं, आणि नुसत्या पुरुषांचं २७.३. म्हणजे दहातले सात पुरुष पीत नाहीत. तरी आपल्या मुलाला वाटतं सगळेच पितात, कारण पिणाऱ्यांचे स्टेटस दिसतात आणि रूमवर झोपलेल्याचा कोणी फोटो टाकत नाही.

हे वर्गातच मोजता येतं, तेही कोणालाही उघडं न पाडता. १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर यांनी सुचवलेल्या पद्धतीचं हे सोपं रूप आहे. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या. प्रत्येकाने नाणं उडवून एकट्यानेच बघायचं. छापा आला तर काही विचार न करता ठिपका काढायचा. काटा आला तर खरं उत्तर द्यायचं: गेल्या तीस दिवसांत दारू घेतली असेल तर ठिपका, नसेल तर फुली. चिठ्ठी दुमडून डब्यात टाकायची. कोणाचा ठिपका नाण्याचा आणि कोणाचा खरा, हे तुम्हालाही कळत नाही, शेजाऱ्यालाही नाही. मी आधी ‘हो’ आणि ‘नाही’ लिहायला सांगत असे. तेव्हा न पिणारी मुलं छापा येऊनही ‘हो’ लिहायला कचरत, आणि हिशेब बिघडे. ठिपका आणि फुलीने ती अडचण बरीच कमी झाली.

समजा ६० चिठ्ठ्यांत ३६ ठिपके निघाले. त्यांतले सुमारे ३० नाण्याचे. उरलेल्या ३० जणांत खरे ठिपके ६, म्हणजे २० टक्के. ही मोजणी फळ्यावर, सगळ्यांसमोर करा. पण नाणं उडवण्याआधी आणखी एक चिठ्ठी घेऊन ठेवा: ‘तुझ्या अंदाजाने या वर्गातल्या शंभरातल्या किती जणांनी गेल्या तीस दिवसांत घेतली असेल?’ या अंदाजांची सरासरी शेजारी लिहा. त्या दोन आकड्यांकडे मुलं ज्या नजरेने बघतात, ती नजर बघण्यासाठी मी हा तास दरवर्षी स्वतः घेते.

दोन सावधगिऱ्या. एका वर्गाच्या आकड्यावर विसंबू नका. ६० जणांत हा अंदाज वर-खाली २५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, आणि १८० जण घेतले तरी १४ पर्यंत. तीन-चार तुकड्या एकत्र करा. विश्वासमर्यादा काढणं हीच सांख्यिकीची असाइनमेंट करून टाका. आणि तुमच्या कॉलेजात खरा आकडाच मोठा निघाला तर तो फलकावर लावू नका. ‘सगळेच घेतात’ हा समज तुम्हीच शिक्का मारून दिल्यासारखं होईल. तो आकडा प्राचार्यांना आणि रेक्टरना दाखवा.

चौथी पायरी: कोणाच्या घरात डोकावू नका

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी मी ‘मी पाहिलेली दारू’ असा निबंध लिहायला दिला होता. एका मुलीने वडिलांबद्दल चार ओळी लिहिल्या, फार खऱ्या. मला त्या इतक्या भिडल्या की नाव न घेता मी त्या वर्गात वाचून दाखवल्या. निम्मा वर्ग एकाच तालुक्यातला होता. पहिल्या दोन वाक्यांतच तिच्याकडे माना वळल्या. ती आठ दिवस कॉलेजला आली नाही. मी घरी जाऊन तिची माफी मागितली. तिने ती दिली, पण मला त्या माना अजून दिसतात.

तेव्हापासून असाइनमेंट नेहमी बाहेरच्या जगाबद्दल असते: कायदा, बाटली, नाटक, आकडे. स्वतःबद्दल कोणी काही लिहिलंच तर ते फक्त मी वाचते. ज्यांना विषय नको त्यांच्यासाठी त्याच गुणांचा दुसरा विषय तयार असतो, आणि कारण विचारायचं नाही. वर्गात दारूड्याचे विनोद आणि नकला होऊ देऊ नका. ज्यांच्या घरी ते रोज घडतं ती मुलं हसत नाहीत, पण तुमच्याकडे बघत असतात. आणि ‘त्या समाजात चालतंच’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून आलं, सहकाऱ्याच्या सुद्धा, तर तिथल्या तिथे थांबवा.

पाचवी पायरी: तासानंतर कोणी मागे रेंगाळलं तर

हे होणारच, त्याची तयारी आधी करा. विषय निघाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी वही दाखवायच्या निमित्ताने येतं. बहुधा स्वतःबद्दल नाही, रूममेटबद्दल किंवा वडिलांबद्दल बोलतं. “बस. सांगितलंस ते बरं केलंस,” एवढं म्हणा आणि ऐका. तुम्ही समुपदेशक नाही आणि व्हायचंही नाही. तुमचं काम पुढच्या दाराशी नेऊन सोडण्याचं. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. जिवाला धोका आहे असं दिसलं तर सांगावं लागतं, हे तिथेच स्पष्ट करा.

तुमच्या टेबलाच्या काचेखाली हे असू द्या: कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ आणि खोली. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, १४४४६. जवळच्या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची तुमच्या गावातली मराठी मीटिंग कुठे भरते, ते. पुण्याच्या आसपास असाल तर डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली उभं केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. घरच्यांसाठी लागणारी मदतही तिथे मिळते, आणि आपल्याकडे येणारी निम्मी मुलं घरच्यांसाठीच आलेली असतात.

दोन गोष्टी प्रत्येक प्राध्यापकाला पाठ असाव्यात. एक, कोणी पिऊन बेशुद्ध पडलं, हाक मारून उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळता असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणायचं नाही. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा. उलटी घशात अडकून माणूस झोपेतच जातो. दोन, वडील वर्षानुवर्षं रोज पीत असतील तर ‘उद्यापासून एकदम बंद करा’ हा सल्ला मुलाच्या हाती देऊ नका. अचानक सोडल्याने झटके येऊ शकतात, डॉक्टर हवेतच.

शिस्तपालन समितीत असलेल्या सहकाऱ्याला मात्र या कामात पुढे करू नका. ज्याच्या सहीने हॉस्टेलमधून काढलं जातं त्याच्याकडे मन मोकळं करायला कोणी जात नाही.

सहावी पायरी: सोबती मिळवा

प्राचार्यांकडून सगळ्यांना आदेश काढून घेऊ नका. आदेशाने निघतो तो अहवाल, काम निघत नाही. दर विभागातला एकच माणूस निवडा, मुलं ज्याच्याभोवती चहाला जमतात तो. त्याच्यासमोर कोरी कल्पना ठेवू नका. त्याच्याच विषयातलं सोडवलेलं एक उदाहरण एका पानावर नेऊन द्या. माझ्या अनुभवात पान दिलं की पाचातले तीन जण हो म्हणतात.

काही जण बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणतात, “मी स्वतः कधीमधी घेतो, मी कोणत्या तोंडाने शिकवू?” त्यांना सांगा की इथे कोणी शपथ घेत नाही. डायक्रोमेटचं द्रावण कोणाच्याही हातून हिरवंच होतं. फक्त सहलीला, गॅदरिंगनंतर किंवा कुठेही मुलांसोबत बसायचं नाही, एवढं एक पथ्य पाळा.

सातवी पायरी: तारखा बघून तास ठरवा

विषय विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे नाही, मुलांच्या वेळापत्रकाप्रमाणे यायला हवा. जुलैत प्रवेश होतात, नवी रूम, नवे मित्र. लगेच गटारी, मग फ्रेशर्स, गणपती, थर्टी फर्स्ट, फेब्रुवारी-मार्चला सेंड-ऑफ. नाण्याची चिठ्ठी गटारीच्या आधीच्या आठवड्यात, रक्तातल्या प्रमाणाचं गणित डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवण्याचं प्रात्यक्षिक सेंड-ऑफच्या आधी. याला एनएसएसची मुलं आनंदाने येतात.

जानेवारीत कॉलेज उघडलं की चिठ्ठ्यांचा डबा पुन्हा फिरवा, तेच दोन प्रश्न विचारून. जुलैतले आकडे जपून ठेवलेला कागद काढा आणि नवे आकडे त्याच्या शेजारी मुलांच्याच हाताने लिहून घ्या. फरक पडलाय की निव्वळ नाण्याचा खेळ आहे, ते ठरवायची कसोटी अभ्यासक्रमात चौथ्या घटकात आहे, आणि तो तोवर शिकवून झालेला असतो.